उशाशी बसणाऱ्यांची विचारपूस

आपल्या व्यापारी बंधूंत एक चांगली रीत आहे. कोणाच्या घरी दुखणे आले की दुसऱ्या दिवशी ती वार्ता बाजारात पोहोचते आणि सायंकाळी दोनचार मंडळी फळांची पिशवी घेऊन त्या घरी जातात. खाटेजवळ बसून डॉक्टर कोण, औषध कोणते, अन्न जाते की नाही, याची आस्थेने चौकशी होते. ही रीत लोप पावू नये अशीच आमची इच्छा आहे. परंतु त्या खोलीत आणखी एक व्यक्ती असते. ती दाराशी उभी असते, पाण्याचा तांब्या आणून ठेवते, चहाचे आधण चढवते आणि पाहुण्यांचे बोलणे चालू असता दुखणेकऱ्याच्या पाठीखालची उशी सारखी करते. ती घरची सून असते, पत्नी असते, अविवाहित मुलगी असते. क्वचित दुकान धाकट्या भावावर सोपवून आलेला मुलगाही असतो. रात्री किती वेळा उठावे लागते, सलग झोप शेवटी केव्हा मिळाली, हे त्या व्यक्तीस विचारण्याची रीत आपल्यात अद्याप पडलेली नाही. ती पडावी, या हेतूने आम्ही यंदाच्या स्मरणिकेत हा विषय घेतला आहे.

घरातील शुश्रूषा हा व्यापारी संघाचा विषय होतो काय, असे कोणी म्हणेल. आमच्या मते तो निश्चित होतो. आपल्या बहुतेक पेढ्या घरच्या माणसांवर चालतात. घरात एक माणूस अंथरुणास खिळले की दोन माणसांचा दिवस त्याच्याभोवती फिरू लागतो. उघडण्याची वेळ चुकते, वसुली मागे पडते, खतावणी तुंबते. मालाला आग लागली तर विमा असतो, उधारी बुडाली तर राखीव निधी असतो. परंतु घरातील सेवा करणारे माणूसच खचले तर त्याची तरतूद आपण कोठेही केलेली नसते.

पूर्वीही आजारपणे होती आणि म्हातारपणही होते, मग आताच हा प्रश्न एवढा मोठा का व्हावा? याची कारणे उघड आहेत. माणसाचे आयुष्य वाढले, ही आनंदाची गोष्ट झाली. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची लोकसंख्या-विज्ञान संस्था यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १४.९ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या १०.५ टक्के होती. २०५० पर्यंत ती सुमारे ३४.७ कोटी, म्हणजे २०.८ टक्के होतील असा अंदाज आहे. आज दहांत एक वृद्ध आहे, तो पाचांत एक होणार. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साठ वर्षांवरील ७.४ टक्के माणसांस, म्हणजे सुमारे ८८ लक्ष व्यक्तींस, स्मृतिभ्रंशाचा विकार असल्याचा अंदाज केलेला आहे. असा रोगी चालता-फिरता असतो, पण क्षणभर एकटा सोडता येत नाही. त्याची राखण अंथरुणातल्या रोग्याहून अवघड होते.

दुसरे असे की औषधोपचार सुधारले. ज्या पक्षाघाताने पूर्वी माणूस आठवड्यात दगावत असे, त्यातून तो आता वाचतो. मात्र पुढे पाच-दहा वर्षे त्यास दुसऱ्याच्या हाताची गरज लागते. इस्पितळ त्यास पंधरवड्यात घरी पाठवते. पुढची वर्षे घराची असतात. आणि घर तर पूर्वीचे उरलेले नाही. चार भाऊ, चार जावा आणि दोन आत्या ज्या वाड्यात नांदत होत्या, तेथे आता एक जोडपे आणि दोन वृद्ध राहतात. मुले पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी गेली. ती पैसे पाठवतात, रोज दूरध्वनीवर चेहरे दाखवतात, परंतु रात्री दोन वाजता कूस बदलावयास त्यांचा हात पोहोचत नाही.

आमच्या पाहण्यातील सीमाभागातले एक घर येथे सांगतो. घरी पैशाची ददात नव्हती. वृद्ध मातोश्रींस अर्धांगवायू झाला आणि त्या चार वर्षे अंथरुणावर होत्या. तिघेही मुलगे आईवर प्रेम करणारे. मोठे डॉक्टर आणले, औषधांस कधी खळ पडू दिला नाही. सेवा मात्र थोरल्या सुनेकडे आली. ती कशी आली हे कोणी ठरविले नाही, ती येऊन राहिली. तीन वर्षे ती माहेरी गेली नाही. पाहायला येणारे नातलग कमी नव्हते; एकेका रविवारी वीस-वीस जण येत, सासूबाईंच्या डोक्यावरून हात फिरवीत आणि प्रत्येकास चहा करून देण्याचे काम तिचेच असे. चौथ्या वर्षी स्वयंपाकघरात घेरी येऊन ती पडली, तेव्हा तिला मधुमेह असल्याचे आणि तो बरेच दिवस असल्याचे उघडकीस आले. सासूबाईंच्या रक्ताची तपासणी दर महिन्यास होत होती. तिची कोणी केली नव्हती. त्या घरात दुष्ट कोणीच नव्हते. सर्वांनी आपापले कर्तव्य केले होते, फक्त हिशेबात एक खाते उघडावयाचे राहून गेले होते.

हे खाते किती मोठे असते याचा अंदाज सरकारी पाहणीवरून येतो. २०२४ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीप्रमाणे १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातल्या कोणाची ना कोणाची देखभाल करीत होत्या आणि त्यांचा रोजचा सरासरी वेळ सुमारे १४० मिनिटे होता. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ सुमारे ७४ मिनिटे होता. यात मुलांची देखभालही धरलेली आहे आणि स्वयंपाक, धुणे, झाडलोट हे निराळे आहे. शिवाय सरासरीच्या आकड्यात ज्या घरी अंथरुणाला खिळलेला रोगी आहे ते घर लपून जाते. तेथे मिनिटांचा हिशेब राहत नाही. दिवस आणि रात्र दोन्ही जातात.

आता उपायांकडे वळू.

पहिली उणीव ज्ञानाची आहे. आपण मुलास दुकानात बसविण्यापूर्वी वर्षभर तराजू, वही आणि गिऱ्हाईक शिकवितो. परंतु पक्षाघाताच्या रोग्यास घरी आणताना त्याची सेवा करणाऱ्या व्यक्तीस कोणी घटकाभरही शिकवीत नाही. परिणामी प्रेम असूनही हानी होते. लकवा झालेला हात धरून रोग्यास उठविले जाते आणि त्याचा खांदा निखळतो. चादरीवरून त्यास ओढत वर सरकविले जाते आणि कातडी सोलते. निजल्या निजल्या पाणी पाजले जाते, ते श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसांस सूज येते. मूत्राच्या नळीची पिशवी खाटेवर ठेवली जाते आणि मूत्र उलट मागे जाऊन विकार होतो.

या सर्व गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत आणि त्या शिकावयास पदवी लागत नाही. जो स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, टाचा, कंबरेची हाडे, कोपरे आणि डोक्याची मागील बाजू रोज उजेडात पाहावी. तेथे लाली दिसली आणि ती दाब काढल्यावरही गेली नाही, तर ती अंथरुणाच्या जखमेची पहिली सूचना समजावी. त्या जागी चोळू नये, तेथला दाब काढावा आणि डॉक्टरांस किंवा परिचारिकेस दाखवावे. मधोमध भोक असलेली गोल गादी पुष्कळ घरांत वापरतात. तिने कडेचा दाब वाढतो, म्हणून ती वापरू नये. रोग्यास वर सरकविताना त्याच्या खाली आडवी घडीची चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी ती उचलावी. जेवविताना बसवावे आणि जेवणानंतर अर्धा तास बसूनच राहू द्यावे. तोंड दोन वेळा स्वच्छ करावे. मूत्राची पिशवी नेहमी ओटीपोटाच्या पातळीखाली टांगावी. औषधांचा तक्ता भिंतीवर लावून दिलेल्या मात्रेपुढे खूण करावी. वही लिहिणाऱ्या आपल्या समाजास हे शिकवावयास नको. आणि उचलणाऱ्याने कंबरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे, नाही तर एका रोग्याचे दोन रोगी होतात.

दुसरी उणीव हातांची आहे. आजकाल शहरांतून रोग्याजवळ बसणारी माणसे पगारी मिळतात. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. शिकलेली आणि नोंदणी झालेली परिचारिका निराळी; आणि रोग्यास न्हाऊ-माखू घालणारी, जेवविणारी, कूस बदलणारी मावशी किंवा वॉर्डबॉय निराळा. सुई टोचणे, नळी बदलणे, जखम बांधणे ही पहिलीची कामे आहेत. दुसऱ्याकडून ती करवून घेणे धोक्याचे, आणि पहिलीला केवळ जागत बसण्यासाठी ठेवणे उधळपट्टीचे. पुष्कळ घरी बारा तासांचा एक मदतनीस आणि आठवड्यातून एकदा येणारी परिचारिका एवढ्याने काम भागते. माणूस ठेवताना मध्यस्थ संस्थेस चार गोष्टी विचाराव्यात: शिक्षण किती व कोठे झाले, पूर्वी कोणत्या घरी काम केले, आजारी पडल्यास बदली माणूस कोण देणार, आणि आपण दिलेल्या रकमेपैकी त्या माणसाच्या हाती किती पडते. शेवटचा प्रश्न आपण व्यापारी असल्यामुळे विशेष अगत्याने विचारावा. ज्याच्या हाती निम्मीच रक्कम पडते, तो महिन्याभरात काम सोडतो.

आमच्या घरांपुरती एक अडचण स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्यापैकी अनेक घरांत सूर्यास्तापूर्वी चूल विझते. रात्रपाळीस आलेला मदतनीस आठ वाजता येतो आणि सकाळपर्यंत जागतो. त्यास रात्री काहीतरी खावे लागते. तो आपल्या नियमांचा मान ठेवील, पण आपणही त्याच्या भुकेचा मान ठेवला पाहिजे. त्याने आपला डबा आणावा आणि बाहेरच्या खोलीत बसून निर्वेधपणे जेवावे, अशी सोय पहिल्याच दिवशी बोलून ठेवावी. या एका गोष्टीचा उलगडा न झाल्यामुळे चांगली माणसे निघून गेल्याचे आम्ही पाहिले आहे. त्याचप्रमाणे मधुमेही किंवा क्षीण रोग्याने उपवासाचा आग्रह धरल्यास तो प्रश्न सेवा करणाऱ्या सुनेच्या गळ्यात न घालता कर्त्या मंडळींनी डॉक्टर आणि साधु-साध्वी यांच्याशी बोलून सोडवावा.

तिसरी उणीव संघटनेची आहे, आणि येथे केरळातील प्रयोग सर्वांनी अभ्यासावा असा आहे. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी काही सहकाऱ्यांसह असाध्य रोगांच्या वेदना शमविण्यासाठी एक लहानसे केंद्र काढले. थोड्याच काळात त्यांच्या ध्यानी आले की ज्यांस या केंद्राची सर्वांत अधिक गरज आहे तेच तेथवर येऊ शकत नाहीत. म्हणून डॉक्टर आणि परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. पुढे हेही दिसून आले की घरात दुःख केवळ शरीराचे नसते. औषध आहे पण तांदूळ नाहीत, रोगी सांभाळावयाचा म्हणून मुलीची शाळा सुटली आहे, अशी घरे भेटत. हे काम डॉक्टरांचे नव्हे, शेजाऱ्यांचे होते.

यातून २००१ साली शेजार-संघटनेचे जाळे उभे राहिले. आठवड्यातून निदान दोन तास देऊ शकेल अशा कोणत्याही सामान्य माणसास स्वयंसेवक म्हणून घ्यावयाचे, त्यास थोडे पद्धतशीर शिक्षण द्यावयाचे, आणि आपल्या वस्तीतील दीर्घ आजारी माणसांची विचारपूस त्याच्याकडे सोपवावयाची. डॉक्टर व परिचारिका त्याच्या पाठीशी उभ्या. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी यांत सामील झाल्या. पैशाचा मोठा भाग लहान लहान नियमित वर्गण्यांतून उभा राहिला. २००८ साली केरळ सरकारने या कार्याविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य होते. त्यानंतर ग्रामपंचायती व नगरपालिकांनी गृहभेटी देणाऱ्या परिचारिका नेमल्या. अंथरुणास खिळलेल्या रोग्याची सेवा करणाऱ्या घरच्या माणसासाठी ‘आश्वासकिरणम्’ नावाची साहाय्य योजनाही त्या राज्यात आहे. कित्येक वर्षे तिची रक्कम दरमहा ६०० रुपये होती. रक्कम अल्पच म्हणावी लागेल, पण सेवा करणारा हा निराळा, नोंद घेण्याजोगा मनुष्य आहे, हे सरकारी कागदावर त्यामुळे आले.

केरळातील पंचायती बलवान आहेत, वस्ती दाट आहे, परिचारिकांची तेथे वाण नाही. म्हणून ते सर्व जसेच्या तसे आपल्याकडे उचलता येणार नाही. परंतु ‘आठवड्यातून दोन तास’ ही कल्पना आणता येईल. तिला ना परवाना लागतो, ना भांडवल.

आपल्या जवळपासही या विद्येची केंद्रे आहेत. मुंबईस १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी स्थापिलेले ‘शांती आवेदना सदन’ हे या प्रकारचे देशातील पहिले सेवासदन. त्याची एक शाखा गोव्यात लोटली येथे आहे. पुण्यास १९९७ पासून चालू असलेल्या सिप्ला केंद्रात कर्करोग्याबरोबर घरचे एक माणूस राहते आणि सेवा कशी करावी हे तेथे शिकून घरी जाते. बंगळुरास ‘करुणाश्रय’ने प्रथम घरोघरी जाण्याचे कार्य सुरू केले आणि १९९९ साली निवासी सदन उघडले. मरणोन्मुख रोग्यासाठीच ही विद्या आहे असा समज आहे, तो खरा नव्हे. दीर्घ मुदतीच्या कोणत्याही दुखण्यात वेदना, जखमा आणि घरच्यांचा शीण कमी करणे हेच तिचे काम आहे.

सरकारकडून काय मिळते, हेही सभासदांस ठाऊक असावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा देशव्यापी मदतीचा दूरध्वनी असून त्यावर माहिती, कायदेशीर सल्ला आणि मनाला धीर विनामूल्य मिळतो. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू झाला. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांस सरकारी आरोग्य-कर्मचाऱ्यांनी घरी भेट द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. ती न मागता क्वचितच मिळते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात मागणी नोंदवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्यांस फार मोठ्या आधाराची गरज आहे अशा व्यक्तींसाठी देखभाल-भत्त्याचा उल्लेख आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षास पाच लक्ष रुपयांपर्यंतच्या उपचारांची योजना काढली आहे. आपल्या राज्यात तिचा लाभ कोठे मिळतो याची चौकशी करून कार्ड काढून ठेवावे. मात्र ही योजना इस्पितळात दाखल झाल्यावरची आहे. घरी आल्यावर लागणारा मदतनीस, गादी, कपडे यांचा खर्च तीत धरलेला नाही, आणि दीर्घ दुखण्यात घरे कर्जबाजारी होतात ती बहुधा याच खर्चाने. २००७ च्या कायद्याने आईबापांचा निर्वाह करण्याचे बंधन मुलांवर घातले. परंतु निर्वाह करणे आणि सेवा करणे यांतले अंतर कोणताही कायदा भरून काढीत नाही.

परदेशांत या अंतरावर दोन मार्ग काढले गेले. जर्मनीने १९९५ साली शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. त्यात घरच्याच माणसाने सेवा केली तर रोग्यास रोख भत्ता मिळतो आणि सेवा करणाऱ्याच्या निवृत्तिवेतनाचा हप्ताही काही अटींवर भरला जातो. जपानने २००० साली असाच विमा आणला, पण रोख रक्कम देण्याचे टाळून प्रत्यक्ष मदतनीस, दिवसापुरती सांभाळगृहे आणि साधने देण्याचे ठरविले. रोख रक्कम दिली तर सारा भार पुन्हा सुनेवरच राहील, अशी तेथील स्त्रियांच्या संघटनांना भीती होती. आमच्या समाजाचा विचार केला तर आम्हांस जपानचा मार्ग अधिक जवळचा वाटतो. आपल्या घरांत बहुधा पैशापेक्षा हातांचा तुटवडा अधिक आहे.

यासाठी आम्ही संघापुढे पाच सूचना ठेवीत आहोत.

पहिली, साधनांची वखार. पाठ वर-खाली होणारी खाट, हवेची गादी, चाकांची खुर्ची, कमोडची खुर्ची, आधाराची चौकट, प्राणवायूचे यंत्र या वस्तू ज्यांच्या घरी काम संपले त्यांच्या माळ्यावर धूळ खात पडतात, आणि त्याच पेठेत दुसरे कोणी त्या नव्याने विकत घेत असतात. संघाच्या इमारतीतील एक खोली यासाठी द्यावी. अनामत घेऊन वस्तू द्यावी, परत आल्यावर निर्जंतुक करून दुरुस्त करावी, आणि प्रत्येक वस्तूचे जावक-आवक पान असावे. मालाची वखार चालविणाऱ्यांस हे काम नवे नाही.

दुसरी, शिक्षण. वर्षातून चार रविवारी, स्थानिक इस्पितळातील परिचारिका व व्यायामोपचार-तज्ज्ञ यांस बोलावून, वर सांगितलेल्या गोष्टी खाटेवर प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. या वर्गास पुरुषांनी यावे, असा आमचा आग्रह आहे. आईस उचलण्यास जे बळ लागते ते मुलाच्या अंगात सुनेपेक्षा जास्त असते.

तिसरी, विसाव्याचे तास. प्रत्येक पेठेत दहा सभासद-कुटुंबांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. ठरल्या वारी ठरल्या वेळी जावे, चहा घेऊ नये, खाटेजवळ बसावे, आणि सेवा करणाऱ्या व्यक्तीस बाहेर जाऊ द्यावे. ती मंदिरात जाईल, डॉक्टरकडे जाईल, मैत्रिणीकडे जाईल किंवा दुसऱ्या खोलीत नुसती झोपेल. ती कोठे गेली हे विचारू नये. पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात तर ही व्यवस्था अवश्य असावी. सारा गाव प्रवचनास लोटलेला असतो आणि एक बाई वर्षामागून वर्षे ते ध्वनिक्षेपकावरून घरबसल्या ऐकते, हे आपल्यास शोभत नाही.

चौथी, प्रकृतीची तपासणी. संघाच्या आरोग्य शिबिरात रोगी असलेल्या घरांतील सेवा करणाऱ्या व्यक्तींस प्रथम बोलवावे. त्यांचे रक्त, रक्तदाब, पाठ आणि झोप यांची चौकशी व्हावी. त्या येऊ शकत नसतील तर तपासणारा त्यांच्या घरी जावा.

पाचवी सूचना काहींस कडू वाटेल. आपल्या दुकानांतील मुनीम, विक्रेते, हमाल, गाडीवाले यांच्या घरीही म्हातारी माणसे आहेत. तेथे हवेची गादी नाही, दुसरी खोली नाही, आणि सेवा करणाऱ्या स्त्रीस स्वतःही कामावर जावे लागते. वखारीची साधने आणि शिक्षणाचे वर्ग त्यांसही त्याच शर्तींवर खुले असावेत, अनामत मात्र मालकाने भरावी. तसेच घरी दीर्घ आजारी असलेल्या नोकरास वर्षात काही दिवस पगारी रजा द्यावी. नोकराची चिंता दुकानाच्या उंबऱ्याबाहेर राहते, असे मानणाऱ्यास दुकान कळलेले नाही.

एवढ्याने सारे होईल असे आम्ही म्हणत नाही. ज्या घरी रोगी हिंडता-फिरता पण भ्रमिष्ट आहे, किंवा ज्या घरी एकटी वृद्ध पत्नी एकट्या वृद्ध पतीस सांभाळीत आहे, तेथे आठवड्याचे दोन तास अपुरे पडतील. तेथे पगारी माणूस लागेल, कदाचित दिवसापुरते सांभाळगृह लागेल, आणि त्यासाठी निधी लागेल. परंतु निधी उभारण्यापूर्वी आपल्या पेठांत अशी घरे किती आहेत, हे तरी आपणांस ठाऊक पाहिजे. आज ते कोणासच ठाऊक नाही.

आपल्या परंपरेत या कार्यास निराळे नाव शोधावयास नको. आभ्यंतर तपाचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्रायश्चित्त आणि विनय यांच्यानंतर वैयावृत्य येते. स्वाध्याय आणि ध्यान त्याच्या मागून येतात. ज्यांची सेवा करावयाची त्या दहांत ‘ग्लान’, म्हणजे रोगाने म्लान झालेला, याची स्वतंत्र गणना आहे. मूळ विवेचन मुनिसंघास उद्देशून असले तरी श्रावकांनी ते आपल्यासाठी घेऊ नये असे नाही. उपवास किती केले याची आपण मिरवणूक काढतो, आणि ते योग्यच आहे. मग चार वर्षे रात्री उठून सासूची कूस बदलणाऱ्या सुनेचे तप आपण कोणत्या वहीत लिहितो? एक गोष्ट मात्र येथे जपली पाहिजे. तप हे आपणहून केलेले असते. एकीवर लादून बाकीच्यांनी त्याची स्तुती करावी, असे तप शास्त्रात नाही.

१८९९ साली स्तवनिधीस दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली, तेव्हा आपल्या पूर्वजांपुढे खेड्यापाड्यांतील मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न होता. प्रत्येक घर आपल्या मुलास एकट्याने शहरात ठेवू शकत नाही, हे ओळखून त्या पिढीने बोर्डिंगे काढली. एका घरास न पेलणारे ओझे समाजाने मिळून उचलले. आजचे ओझे आयुष्याच्या दुसऱ्या टोकाचे आहे, पण न्याय तोच आहे.

या स्मरणिकेसोबत संघाने प्रत्येक सभासदाकडे एक साधा कागद पाठवावा, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. त्यावर तीनच प्रश्न असावेत: आपल्या घरी अंथरुणास खिळलेले किंवा सतत राखण लागणारे कोणी आहे काय, त्यांची सेवा मुख्यतः कोण करते, आणि ती व्यक्ती आठवड्यातील कोणत्या वारी मोकळी होऊ इच्छिते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरच्या कर्त्या पुरुषाने लिहू नये. कागद आत न्यावा, ज्या व्यक्तीचा तो प्रश्न आहे तिच्या हाती लेखणी द्यावी, आणि ती लिहीपर्यंत तेवढा वेळ आपण खाटेजवळ बसावे.